नणंदेचा साबण आणि ‘केमिकल फ्री’चा शिक्का

ताई, मी सोलापुरात शिक्षिका आहे, वय ३४. गेल्या वर्षभरात घरातला साबण, शाम्पू, तेल, क्रीम असं सगळं मी ‘नॅचरल’ करून टाकलं. महिन्याला साडेतीन हजारांची चाट बसते. नवरा काही बोलत नाही, पण बिल दोनदा वाचतो. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी ‘१००% नॅचरल’ फेसपॅक लावून गच्चीत वाळवण राखत बसले, तर संध्याकाळी दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल. आठ दिवस शाळेत तोंडाला ओढणी गुंडाळून गेले. भृंगराज शाम्पूनं काही फरक पडला नाही, म्हणून हातानं केलेली शाम्पूची वडी आणली, तर केस मेण लावल्यासारखे चिकट. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर डाळीचं पीठ लावलं, आमचं काय बिघडलं?

खरी अडचण पुढेच आहे. माझ्या थोरल्या नणंदबाई, आक्का, घरी साबण करून ‘हँडमेड, केमिकल फ्री, इको-फ्रेंडली’ अशा लेबलनं विकतात. आम्ही सगळे कौतुकानं वापरतो. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले, तर ओट्याखाली ‘सोप बेस’ लिहिलेलं मोठं खोकं. आक्का त्याच्या चौकोनी वड्या वितळवून त्यात रंग-वास घालत होत्या आणि साच्यात ओतत होत्या. दिवाळीला त्यांचे ४० गिफ्ट बॉक्स मी आमच्या स्टाफरूममध्ये खपवावेत, असं ठरलंय (मी नाही ठरवलं). खरं नैसर्गिक आणि पर्यावरणाला न बाधणारं कसं ओळखायचं? आणि आक्कांशी बोलू की गप्प बसू?

— कात्रीत सापडलेली

प्रिय कात्रीतली,

पॅकच्या पाकिटाचा फोटो जोडलास ते बरं केलंस. मोठा करून वाचला. मुलतानी माती, संत्र्याची साल, लिंबाची साल, दालचिनी, लवंग, हळद. यात खोटं काहीच नाही गं. पाकिटावरचा शब्दन् शब्द खरा आहे आणि तुझे गाल त्या खऱ्या गोष्टींनीच भाजले असणार. दालचिनीला जो वास येतो तो सिनामाल नावाच्या द्रव्याचा, आणि ते द्रव्य त्वचेच्या डॉक्टरांच्या ॲलर्जीच्या यादीत कधीपासूनचं आहे. लिंबाच्या सालीच्या तेलातली काही द्रव्यं अंगावर असताना वर ऊन पडलं की कातडी पोळते. तू तर पॅक लावून सोलापूरच्या उन्हात, गच्चीत, पापडांच्या शेजारी बसलीस. पापड वाळले आणि तूही.

‘नैसर्गिक’ हा शब्द वस्तू आली कुठून एवढंच सांगतो, ती तुझ्या गालाचं काय करेल ते सांगत नाही. बिब्बा आठवतो? झाडालाच लागतो. पूर्वी परीट त्यानं कपड्यांवर खुणा करायचे, आणि कुणाच्या अंगावर तो उतला तर मोठाले फोड यायचे. उद्या कुणी ‘१००% नॅचरल बिब्बा सीरम’ काढलं तर त्यावरचा ‘नॅचरल’ शब्द खराच असेल. याच्या उलट पेट्रोलियम जेली. नावातच पेट्रोलियम, जन्म खनिज तेलाच्या पोटी, आणि भेगाळलेल्या कातडीला डॉक्टर बिनदिक्कत तीच लावायला सांगतात.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. डाळीच्या पिठात वरून घातलेला वास नाही, रंग नाही, पन्नास घटक नाहीत, त्यामुळे बिघडायलाही फारसं काही नाही. फक्त त्यात लिंबू पिळायला सांगितलं तर नम्रपणे नको म्हण. आणि नवीन काहीही आणलंस, मग ते माझ्या सांगण्यावरून का असेना, तर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून दोन दिवस वाट बघायची. दोन दिवस खाज नाही, लाली नाही, तरच तोंडाला.

आता शाम्पूची बाटली उलटी धर. मी २२ वर्षं एका साबण कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली आहेत, त्यामुळे बाटलीची पुढची बाजू वाचायची सवयच मोडली. पुढची बाजू जाहिरातवाल्यांची, मागची आमची.

आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार (सध्याचे २०२० चे) घटकांची नावं उतरत्या क्रमानं छापावी लागतात. सर्वांत जास्त असेल ते पहिलं. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी येतात आणि त्यांचा आपापसातला क्रम कसाही चालतो. ही मेख लक्षात ठेव. तू उतरवून पाठवलेली यादी अशी आहे: पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, मीठ, ग्लिसरीन, परफ्यूम, फिनॉक्सिइथेनॉल, आणि मग भृंगराज, आवळा, जास्वंद, शिकेकाई, रंग. यातलं फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवण्यासाठी घालायचं द्रव्य. ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालायला परवानगीच नाही. म्हणजे त्याच्यानंतर जे जे आलं ते प्रत्येकी एक टक्का किंवा त्याहून कमी. तुझी बाटली २०० मिलीची. एक टक्का म्हणजे २ मिली, चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही. आणि हा अर्क म्हणजे निव्वळ भृंगराज नव्हे, बहुतेक वेळा तोही पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये उतरवलेला असतो. बाटलीच्या पोटावर मात्र भृंगराजाची फांदी मनगटाएवढी. मी यादी वाचताना अशा एखाद्या टिकवणाऱ्या द्रव्याखाली मनातल्या मनात रेघ मारते. रेघेच्या वरचं, ते आपण विकत घेतो. खालचं बहुतेक सजावटीचं.

तो शाम्पू वाईट आहे असं मात्र नाही. सोडियम लॉरेथ सल्फेटला सोशल मीडियानं विष ठरवलंय, ते विष नव्हे. त्याचा निम्मा जन्म बहुतेकदा नारळाच्या किंवा पामच्या तेलातूनच होतो. कोरड्या डोक्याला ते जरा जास्तच स्वच्छ करतं, एवढीच त्याच्याबद्दल तक्रार. तू फसलीस ती किमतीत. साध्या शाम्पूचे पैसे वेगळे आणि फांदीच्या चित्राचे वेगळे, असे दोन्ही तू भरलेस.

आयुर्वेदिक परवान्याच्या बाटल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे ‘प्रत्येक १० मिलीमध्ये’ असं लिहून वनस्पतींची नावं मिलिग्रॅममध्ये देतात आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात ‘शाम्पू बेस क्यू.एस.’ असं असतं. क्यू.एस. म्हणजे ‘पुरेसा’. वरच्या सगळ्या मिलिग्रॅमची बेरीज करून बघ, फार तर अर्धा ग्रॅम भरेल. उरलेला साडेनऊ ग्रॅम हा ‘पुरेसा’. त्या बेसमध्ये काय आहे, ते कुठेच नाही. अशा बाटलीपेक्षा सल्फेटचं नाव सरळ छापणारी बाटली मला जास्त भरवशाची वाटते.

वडीनं केस चिकट झाले त्यात केसांचा दोष नाही आणि वडीचाही नाही. दोष बहुधा तुमच्या बोअरच्या जड पाण्याचा. साबण आणि जड पाणी एकत्र आले की त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची साय बनते. बादलीच्या काठाला पांढरट चिकट थर बसतो ना, तोच तुझ्या केसांवर बसला. शाम्पूच्या वड्या दोन जातींच्या असतात. ज्यांच्या यादीत सोडियम कोकोएट, सोडियम पामेट असं काही असतं तो नुसता साबण. ज्यांच्यात सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट पहिलं असतं ती खरी शाम्पूची वडी, जड पाण्यातही चालते. त्या सहसा कागदी खोक्यात मिळतात, बाटली वाचते, आणि माझी एक वडी अडीच-तीन महिने पुरते. साबण मात्र अंगासाठी. अंगाचा साबण घेताना टीएफएमचा, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्ध अंशाच्या टक्केवारीचा, आकडा बघ. भारतीय मानकाप्रमाणे टॉयलेट सोप ७६ असेल तर पहिल्या दर्जाचा, ७० दुसऱ्या, ६० तिसऱ्या. नुसतं ‘बाथिंग बार’ लिहिलं असेल तर ते वेगळंच प्रकरण, त्यात साबणाचा भाग बराच कमी असू शकतो.

पुढच्या बाजूचे शब्द आता भराभर उरकते, कारण त्यांची तेवढीच लायकी आहे. ‘केमिकल फ्री’ हा शब्द दिसला की ती वस्तू परत फळीवर ठेव. पाणी केमिकल आहे, हळदीतला पिवळा रंग केमिकल आहे. हा शब्द लिहिणाऱ्याला एक तर हे माहीत नाही, किंवा आपल्याला ते माहीत नाही असं तो धरून चाललाय. ‘क्रुएल्टी फ्री’: भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासूनच बंदी आहे, तशी चाचणी केलेला माल आयात करायलाही. कायदा पाळतो याची फुशारकी कसली मारायची? ‘व्हीगन’ म्हणजे प्राणिज काही नाही, एवढंच. बाकी सगळं पेट्रोलियममधून आलेलं असलं तरी ते व्हीगनच. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, एवढंच. उलट लिपस्टिकमधला एक सुंदर लाल रंग, यादीत सीआय ७५४७० नावानं येणारा, अस्सल नैसर्गिक असतो आणि तो किडे वाळवून काढतात. ‘नैसर्गिक’ आणि ‘शाकाहारी’ यांचं लग्न लागलेलं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या नावाखाली होणाऱ्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. इको-फ्रेंडली, ग्रीन, नॅचरल, ऑरगॅनिक असले मोघम शब्द पुरेशा स्पष्टीकरणाशिवाय आणि पुराव्याशिवाय वापरायचे नाहीत, हा पुरावा पाकिटावर किंवा क्यूआर कोडनं ग्राहकाला बघता आला पाहिजे. म्हणजे तुला विचारायचा हक्क आहे. कंपनीला ईमेल टाक: ‘तुमची बाटली इको-फ्रेंडली कशी, कृपया सांगा.’ मी असे बरेच ईमेल पाठवते, निवृत्त बाईला दुसरा धंदा काय. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं ते दोन दिवसांत पानभर लिहितात. बाकीचे स्मायली पाठवतात. फसवणूक उघड असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

शिक्क्यांमधले कॉसमॉस आणि नाट्रू हे दोन बाहेरची तपासणी झाल्याशिवाय मिळत नाहीत. पण तिथेही आकडा बघ. कॉसमॉस ऑरगॅनिकचा शिक्का असलेल्या क्रीममध्ये एकूण मालाच्या किमान २० टक्के सेंद्रिय असावं लागतं, धुऊन टाकायच्या वस्तूंत १० टक्केच, कारण शाम्पू म्हणजे मुख्यतः पाणी आणि पाण्याला सेंद्रिय म्हणता येत नाही. ‘जैविक भारत’चा शिक्का खाद्यपदार्थांसाठी आहे, तो साबणावर दिसला तर भुवया उंचाव. आपल्या सरकारचा इकोमार्क १९९१ पासून आहे, त्याचं चिन्ह मातीचं मडकं. मडकं छान आहे, पण दुकानात ते दिसलं तर मला फोटो पाठव.

‘प्रिझर्व्हेटिव्ह फ्री’ वाचून हुरळू नकोस. ज्यात पाणी आहे त्यात बुरशी येणार, मग ते क्रीम असो की कोशिंबीर. कोरफडीचा घरी काढलेला गर फ्रिजमध्ये तीन दिवसांत रंग बदलतो. दुकानातला हिरवागार गर दोन वर्षं टिकतो, तेव्हा त्यात टिकवणारं काहीतरी असतंच, आणि असावंच. बिनपाण्याच्या वस्तू, म्हणजे तेल, पूड, उटणं, साबणाची वडी, यांना त्याची फारशी गरज नसते. म्हणून मी कोरड्या वस्तूंच्या बाजूची आहे. पाणी आपल्या नळाला येतं, ते हिमाचल प्रदेशातून प्लास्टिकमध्ये भरून कशाला आणायचं?

तेलाचं सांगते. बदाम, आवळा, जास्वंद अशा नावांच्या कितीतरी केशतेलांच्या यादीत पहिलं नाव मिनरल ऑइल किंवा लाइट लिक्विड पॅराफिन असतं. ते घातक नाही, पण बदामही नाही. शुद्ध खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरात सकाळी बाटली उलटी केली आणि तेल धावत आलं, तर त्यात दुसरं काहीतरी आहे असं समज. (गोठलं म्हणजे भेसळ नाहीच, असा उलटा अर्थ मात्र काढू नकोस.) टाचांच्या भेगांना मी कोकणातून भिरंडेल मागवते, कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. बाजारात त्याचे पिवळट पांढरे गोळे मिळतात, दिव्यावर जरा धरून भेगेत भरायचे. हेच ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’ या नावानं परदेशी डबीत जातं आणि दहापट किमतीनं परत येतं.

दोन गोष्टींबाबत मात्र हयगय नको. मेहंदीचं पान केसाला नारिंगी किंवा तांबूस रंग देतं, काळा कधीच नाही. अर्ध्या तासात काळे करणाऱ्या ‘हर्बल’ मेहंदीच्या पुडीत बहुतेकदा पीपीडी नावाचं रासायनिक रंगद्रव्य असतं, ज्यानं टाळू आणि डोळे सुजू शकतात. पानांनीच काळं करायचं तर आधी मेहंदी, मग निळीच्या पानांची पूड, अशी सबंध रविवार खाणारी दोन टप्प्यांची खटपट आहे. आणि गोरं करणारं क्रीम, ज्यावर उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, ते कुणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस. केरळात मलप्पुरम भागातल्या डॉक्टरांना एकामागून एक मूत्रपिंडाचे रुग्ण दिसू लागले, आणि धागा जाऊन पोचला तो पारा घातलेल्या अशा क्रीमपाशी.

आता पर्यावरण. इथे ‘नैसर्गिक’ शब्दानं जास्तच गफलत होते. जटामांसीचं तेल केसाला उत्तम, आपल्या आज्यांच्या तेलातही ती असायची. पण ती हिमालयात उंचावर उगवते, मुळासकट उपटावी लागते, आणि आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ती ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. चंदनही त्याच यादीत ‘असुरक्षित’. आमच्या कारखान्यात चंदन साबण निघायचा, तेव्हा सुगंधाच्या पिंपावर ‘सँडल टाइप’ असं लिहिलेलं असायचं. टाइप! तेव्हा आम्ही हसायचो. आता वाटतं, झाडाच्या दृष्टीनं ते बरंच होतं. बनावट वासानं निदान एक झाड वाचलं, लेबलवर तसं सांगितलं असतं तर मला काही म्हणायचं नव्हतं.

चमचमणाऱ्या ‘मिनरल मेकअप’मधली चमक अभ्रकाची. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात ते अभ्रक वेचायला लहान मुलं बिळासारख्या खाणींत उतरतात, हे वर्षानुवर्षं छापून येतंय. नैसर्गिक खनिजच आहे ते. तुझ्या वर्गातल्या पोरांच्या वयाची असतात ती मुलं. म्हणून अभ्रक कुठून घेतलं हे सांगणारी कंपनी असेल तर घे, नाहीतर ओठ न चमकता राहू देत. साबणातलं पाम तेल हा असाच गुंता. त्यासाठी इंडोनेशिया-मलेशियात जंगलं गेली, पण एकरी तेल मोजलं तर पाम इतर सगळ्या तेलबियांच्या कितीतरी पुढे, त्यामुळे सगळ्यांनी नारळाकडे धाव घेतली तर जमीन आणखीच लागेल. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मी साबण कमी वापरते, एवढंच.

आणि पाऊच. एक-दोन रुपयांच्या शाम्पूच्या पुड्या प्लास्टिक आणि चकचकीत पत्र्याचे थर चिकटवून केलेल्या असतात. ते थर पुन्हा सुटे होत नाहीत, भंगारवाला घेत नाही, म्हणून कचरा वेचणारी बाईही उचलत नाही. ती पुडी गटारातच जाते. आत साक्षात शिकेकाई असली तरी.

तुझे साडेतीन हजार कुठे जातात ते तू लिहिलेल्या यादीत मोजलं. १७ वस्तू आहेत. त्यातल्या तीन निरनिराळ्या ‘टोनर’ आहेत. पृथ्वीवर सर्वांत हलका भार टाकणारा टोनर म्हणजे न घेतलेला टोनर. आहेत त्या बाटल्या आधी संपव. ‘नैसर्गिक’ व्हायच्या घाईत चांगली क्रीम कचऱ्यात टाकणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मग अंगाला ७६ टीएफएमचा साधा साबण, डोक्याला वडी, खोबरेल, एखादं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि उन्हाचं सनस्क्रीन. सनस्क्रीन घरी करायला जाऊ नकोस, गाजराच्या बियांचं तेल ऊन अडवत नाही. दिवाळीला उटणं कर, पण काष्ठौषधीच्या दुकानातून नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कपूरकचरी सुटी आणून.

राहिल्या आक्का.

त्या जे करतात त्याला धंद्यात ‘मेल्ट अँड पोअर’ म्हणतात. त्यात पाप काही नाही. बेस म्हणजे तयार साबण, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रोपिलीन ग्लायकॉल वगैरे, बऱ्याचदा थोडं लॉरेथ सल्फेटही. अंगाला सौम्य असतो. आक्कांच्या साच्यात काहीही खोटं नाही, खोटं लेबलवर आहे. आणि दुसरी बाब त्याहून गंभीर: विकण्यासाठी साबण करायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, घरी केला तरी. पाकिटावर परवाना क्रमांक, बॅच, पत्ता, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी लागते. हे आक्कांना बहुधा कुणी सांगितलेलंच नाही. प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर जे लिहिलेलं असतं तेच आपण लिहितो, तसं झालं असणार.

लबाडी धरून बोलू नकोस, अज्ञान धरून बोल. चार माणसांत नको, भावापुढे तर नकोच. त्यांच्याकडे जा, साबण ओतायला हात लाव. वड्या कापता कापता स्टाफरूमवर ढकल. लेकी बोले सुने लागे, ही रीत आपल्याकडे कशासाठी आहे? ‘आक्का, आमच्या शाळेत रसायनशास्त्राच्या एक बाई आहेत, फार चिकित्सक. त्या पहिल्यांदा विचारतील, केमिकल फ्री म्हणजे काय हो? बेसच्या खोक्यावरची यादीच छापूया का? आणि परवान्याचं कसं करतात, मी चौकशी करू का?’ शेवटचं वाक्य गाळू नकोस. तू चूक काढायला आली नाहीस, काम वाटून घ्यायला आलीस, हे त्यांना त्या वाक्यातून कळेल.

त्यांना खरोखरच तेलापासून साबण करायचा असेल तर तोही होतो. १०० ग्रॅम खोबरेलाला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, वजनकाट्यावर मोजून, अंदाजपंचे नव्हे, आणि अंगाला कोरडं पडू नये म्हणून सोडा किंचित कमीच धरतात. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, उसळतं. हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी, नातवंडं बाहेर. ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं तर सोडा ते खातो, स्टीलचं घ्यायचं. मग वड्या कापून फळीवर चार ते सहा आठवडे वाळत ठेवायच्या. तोवर सोडा सगळा तेलात मुरून साबण झालेला असतो, सुटा उरत नाही. जगातल्या सगळ्या साबणांचा जन्म असाच, म्हणून ‘केमिकल फ्री साबण’ ही चीज अस्तित्वातच नाही, हे आक्कांना त्यांच्याच ओट्यावर पटेल. या दिवाळीला मात्र ते जमणार नाही, वाळायलाच वेळ नाही.

तेव्हा या दिवाळीपुरतं माझं मत स्पष्ट आहे. सध्याच्या लेबलचे ४० बॉक्स तू स्टाफरूममध्ये विकू नकोस. कुणाच्या लेकराच्या अंगावर पुरळ उठलं तर त्या आईला आक्का माहीत नाहीत, तिला तू माहीत आहेस, आणि रोज एकाच टेबलावर डबा उघडायचा आहे. आक्का रागावल्या तर रागावू देत. सासूबाईंना आधी विश्वासात घे, डाळीच्या पिठाचं तुला पटलं असं सांग, म्हणजे अर्धी लढाई तिथेच जिंकलीस. परवाना हाती येईपर्यंत हवं तर घरातल्यांपुरते साबण करा आणि स्टाफरूमसाठी आक्कांकडून पणत्या रंगवून घे, त्यांना असा परवाना लागत नाही आणि यादीही छापावी लागत नाही.

परवाना आला आणि लेबल बदललं की एक वडी मला पाठव. फुकट नको. आधी मागची बाजू वाचेन, मग पैसे देईन.

तुझी ताई